ठेकेदाराने घर अर्धवट सोडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार : पात्रता, कागदपत्रे व पद्धत

खानदेशात स्वतःच्या प्लॉटवरचे घर बहुधा ओळखीच्या ठेकेदाराला चौरस फुटाच्या दराने दिले जाते आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाया खोदून दिवाळीपर्यंत ताबा मिळेल, असे तोंडीच ठरते. पुढे काम स्लॅबवर येऊन अडले किंवा पहिल्याच पावसाळ्यात भिंती तडकल्या, तर जळगाव, धुळे व नंदुरबार येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतच घरबांधणीचा उल्लेख आहे.

तक्रारदाराने मोबदला दिलेला किंवा देण्याचे कबूल केलेले असावे आणि बांधकाम व्यापारी हेतूने केलेले नसावे. भाड्याने देण्यासाठी गाळ्यांचे संकुल उभारणाऱ्याची तक्रार या मुद्द्यावर अडते. मात्र उपजीविकेसाठी स्वतः चालवायच्या दुकानाला कायद्याने सवलत दिली आहे. करारात लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाबाहेर त्रयस्थाकडून सोडवण्याचे, कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. बिल्डरच्या प्रकल्पात फ्लॅट घेतला असल्यास महारेराचा (गृहप्रकल्पांवरील राज्याच्या नियामक प्राधिकरणाचा) पर्यायही असतो. घरमालकाने पैसे थकवले, अशी ठेकेदाराचीच तक्रार असेल, तर तो ग्राहक ठरत नाही. त्याने दिवाणी न्यायालयात किंवा करारानुसार लवादाकडे जावे.

ठेकेदार सुरतचा किंवा बऱ्हाणपूरचा असला तरी तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावरून ठरते व ती ५० लाख रुपये आहे. तक्रारीचे शुल्कही त्यावरूनच ठरते : ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. केवळ मजुरीचा ठेका असेल, तर सिमेंट व सळईवर मालकाने परस्पर केलेला खर्च ठेकेदाराच्या मोबदल्यात धरू नये.

वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. नोटिसा पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, आणि ‘पुढच्या महिन्यात माणसे लावतो’ या आश्वासनावर विसंबलेली मंडळी येथेच फसतात. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. करार, अंदाजपत्रक, बांधकाम परवानगी, जागेचा उतारा, बँकेतील व्यवहारांच्या नोंदी, स्पीड पोस्टाने पाठवलेली नोटीस व तिची पोच हे सर्व जोडावे. रोख दिलेल्या उचलीची नोंद नुसती आपल्या डायरीत असेल, तर ठेकेदार ती सहज नाकारतो. प्रत्येक उचलीवर तारीख, कामाचा टप्पा आणि त्याची सही असावी. व्हॉट्सॲपवरील संभाषण जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र द्यावे.

बांधकामाच्या दर्जाबाबत तक्रार असल्यास स्थापत्य अभियंत्याचा पाहणी अहवाल घ्यावा. तापीकाठच्या काळ्या मातीत पाया उथळ राहिला, की माती फुगून-आकसून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ‘ही प्लास्टरची भेग आहे’ असे ठेकेदार म्हणणारच. म्हणून भेगेवर मोजपट्टी धरून, तारखेसह फोटो घ्यावेत, पायाची खोली अहवालात नोंदवून घ्यावी, आणि त्याआधी डागडुजी करू नये. दोष दूर करण्याचा व उरलेल्या कामाचा खर्च अभियंत्याकडून आकड्यांत लिहून घ्यावा, कारण नुकसानभरपाईची मागणी त्याच आकड्यावर उभी राहते.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर किंवा आयोगाच्या कार्यालयात प्रतिज्ञापत्रासह दाखल करता येते. वकील देणे बंधनकारक नाही. दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरते. त्यानंतर ठेकेदाराला उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांनंतर आलेले उत्तर आयोग स्वीकारू शकत नाही. निकालासाठी ३ महिने आणि चाचणी आवश्यक असल्यास ५ महिने कायद्यात सांगितले आहेत, पण प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे धरूनच उरलेल्या कामाचे नियोजन करावे.

निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. त्यासाठी ठेकेदाराला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही, तर वसुलीचा अर्ज करता येतो, तसेच ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७२ खाली १ महिना ते ३ वर्षे कैद, किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.