मद्यपी वाहनचालकांसाठीची नाकाबंदी (ठाणे आणि नवी मुंबई)

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलीस रस्त्यावर बॅरिकेड लावून वाहने थांबवतात आणि संशयित चालकाचा श्वास यंत्रावर तपासतात. कागदोपत्री ही ‘विशेष मोहीम’ असते, बोलण्यात ‘ड्रंक अँड ड्राइव्हची नाकाबंदी’. ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाणे शहरापासून भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत जाते. नवी मुंबई आयुक्तालयाची ऐरोली-वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत. दोन्हीकडे या मोहिमांना ठरलेले दिवस आहेत: शनिवार-रविवारच्या रात्री, श्रावणाआधीची गटारी, धुळवड आणि ३१ डिसेंबर. घोडबंदर रस्ता, येऊरचा पायथा, उपवन, तीन हात नाका, पाम बीच मार्ग आणि सायन-पनवेल महामार्ग ही नेहमीची ठिकाणे.

ही कारवाई कायदेशीर आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या जागी विचारला जातो. गाडी थांबवणे आणि चालकाला फुंकायला लावणे हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला व्यापक आहे, दुसरा अटींनी बांधलेला.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११९ नुसार वाहतूक नियंत्रित करणाऱ्या पोलिसाचे निर्देश पाळणे चालकाला बंधनकारक आहे. कलम १३० खाली वर्दीतला पोलीस परवाना पाहायला मागू शकतो. इथपर्यंत संशयाची गरज नाही. बॅरिकेडपाशी प्रत्येक गाडी हळू करून चालकाशी दोन शब्द बोलायला कायद्याची आडकाठी नाही.

फुंकायला लावण्याचा अधिकार कलम २०३ मध्ये आहे. चालकाने दारू प्यायली असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल, तरच वर्दीतला पोलीस किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो. तोंडाला येणारा वास, अडखळते बोलणे, लाल डोळे, बॅरिकेड दिसताच वळवलेली गाडी, यांतले काहीही कारण म्हणून पुरते. मात्र रांगेतल्या सरसकट सगळ्यांच्या तोंडाला यंत्र लावणे या कलमात बसत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून कोणाचीही, संशयाविना चाचणी घेण्याची मुभा पोलिसांना कायद्याने दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मिशिगन राज्याच्या खटल्यात संशयाविना वाहने थांबवणारी नाकाबंदी ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली, सरसकट श्वासचाचणी नव्हे. आपल्या संसदेने न्यू साउथ वेल्सची वाट घेतलेली नाही. ती घ्यावी असे मत असेल, तर कलम २०३ दुरुस्त करणे हा सरळ मार्ग आहे. नाक्यावर कलमाकडे दुर्लक्ष करणे हा नव्हे.

गुन्हा कलम १८५ चा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की तो पूर्ण होतो; गाडी वेडीवाकडी चालली होती की नाही, याला महत्त्व नाही. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पोलिसांनी जागेवर तडजोड करून मिटवायच्या गुन्ह्यांच्या यादीत, म्हणजे कलम २०० मध्ये, हे कलम नाही. दंड न्यायालय ठरवते आणि तिथेच भरला जातो. म्हणून नाक्यावर या गुन्ह्यासाठी कोणी रोख रक्कम मागितली, तर ती मागणी बेकायदाच असते, मग पावती देऊ केली तरी.

२०१९ च्या दुरुस्तीआधी कलम १८५ मध्ये फक्त ब्रेथ ॲनालायझरचा उल्लेख होता. केवळ रक्ततपासणीवर उभ्या असलेल्या खटल्यांत त्यातून पळवाट निघे. आता प्रयोगशाळेतील तपासणीही स्पष्टपणे धरली जाते. त्याच दुरुस्तीने कलम २०६ मध्ये परवाना जप्त करून तो देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूद आली. पहिल्या गुन्ह्यात परवाना ३ महिने निलंबित होतो, पुढच्या गुन्ह्यात रद्द. नोकरीसाठी रोज गाडी चालवणाऱ्याला दंडापेक्षा हे जास्त झोंबते.

नाक्यावरचा क्रम

जागा निवडताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे आधीची शेवटची गल्ली. घोडबंदर रस्त्यावर मुख्य मार्गिकेवर बॅरिकेड आणि सेवा रस्ता मोकळा, अशी मांडणी केली की माहीतगार चालक मानपाडा किंवा पातलीपाड्यापाशी सरळ आत शिरतो. पाम बीचवर मोराज सर्कल किंवा किल्ले गावठाणच्या सिग्नलआधीच्या वळणांचे तेच. बॅरिकेड वळणाच्या पलीकडे, पण गाडी सुरक्षित थांबेल इतक्या अंतरावरून दिसेल असे हवे. पुढे शंकू, परावर्तक पट्ट्या आणि हलता बॅटन दिवा. पाम बीचसारख्या सरळ, रुंद रस्त्यावर गाड्या मर्यादेपेक्षा बऱ्याच वेगात येतात, त्यामुळे एकाच ओळीत आडवे बॅरिकेड लावणे पोलिसांच्याच जिवावर बेतू शकते. तिरक्या मांडणीने वेग आधी उतरवावा लागतो. ठाण्यात आणखी एक अडचण आहे. अवजड वाहनांना दिवसा निर्बंध असल्याने रात्री घोडबंदरवर कंटेनरची रीघ लागते. बॅरिकेडमागे कंटेनर अडकले की रांग मागे कापूरबावडीकडे सरकते आणि मोहीम अर्ध्यात आवरावी लागते. हलक्या वाहनांना बाजूची वेगळी मार्गिका दिली तरच काम चालते.

चाचणीआधी यंत्र कोऱ्या हवेवर शून्य दाखवते का, हे चालकासमोर तपासायला हवे. मग बंद पाकिटातली नवी नळी. चालकाने एका दमात, न थांबता चार-पाच सेकंद फुंकायचे. फुंक कमी पडली तर यंत्र नमुना नाकारते. वारंवार अर्धवट फुंकणे हा चुकवण्याचा जुना प्रकार आहे, पण दम्याच्या रुग्णालाही खरोखर तेवढा श्वास पुरत नाही. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा रक्ततपासणी हा योग्य मार्ग. निकालाच्या छापील पट्टीवर तारीख, वेळ, आकडा आणि यंत्राचा अनुक्रमांक असतो. त्यावर चालकाची सही घेतात. चालकाने त्या पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे.

चाचणी सकारात्मक आली, किंवा संशय असूनही चालकाने ती नाकारली, तर कलम २०३ नुसार वॉरंटशिवाय अटक करता येते. पोलीस ठाण्यात त्याला पुन्हा श्वास देण्याची संधी मिळायला हवी. कलम २०४ खाली नोंदणीकृत डॉक्टर रक्ताचा नमुना घेतो. चालक स्त्री आणि डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर असणे सक्तीचे. कलम २०२ चे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, सगळ्यात जास्त मोडले जाते: कलम १८५ खाली अटक झाल्यापासून २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर सोडून द्यावे लागते. ३१ डिसेंबरच्या रात्री सरकारी किंवा पालिका रुग्णालयात अपघाताचे रुग्ण, मारामारीतले जखमी आणि नाकाबंदीतले चालक एकाच डॉक्टरसमोर येतात आणि घड्याळ पुढे जाते. मोहिमेच्या रात्री स्वतंत्र वैद्यकीय पथक ठेवणे हाच यावर उपाय. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मोहिमा रात्रीच्याच असल्याने ही अट आधीच विचारात घ्यावी लागते.

गाडीचे काय? कलम १८५ च्या गुन्ह्यात वाहन जप्तीची तरतूद नाही. कलम २०२ पोलिसांना एवढेच सांगते की अटक केल्यावर वाहनाची तात्पुरती योग्य व्यवस्था लावावी. तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच अर्थ लावला: सोबत न प्यायलेला, परवानाधारक माणूस असेल तर गाडी त्याच्या हाती द्यावी, नसेल तर नातेवाइकाला बोलावावे. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण कलमाची भाषा इथेही तीच आहे.

यंत्र, रक्त आणि आकडे

यंत्र रक्त मोजत नाही. श्वासातले अल्कोहोल मोजून ते २१०० ने गुणते. ३० मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे एक लिटर श्वासात सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. हे गुणोत्तर माणसागणिक थोडे बदलते, म्हणून ३१ किंवा ३३ असा काठावरचा आकडा आला की रक्ततपासणीचा आग्रह धरणे चालकाच्या हिताचे आणि तपासाच्याही. माउथवॉश, खोकल्याचे औषध, होमिओपॅथीचे थेंब किंवा नुकतीच आलेली ढेकर यांमुळे तोंडात राहिलेले अल्कोहोल आकडा फुगवते. ते साधारण १५ मिनिटांत उतरते. चालकाने तसे सांगितले तर तेवढे थांबून दुसरा नमुना घ्यावा. कलमच ‘एक किंवा अधिक’ नमुन्यांची मुभा देते. इंधन-घटाचा (फ्युएल सेल) संवेदक असलेली यंत्रे मधुमेहींच्या श्वासातल्या ॲसिटोनला फसत नाहीत, स्वस्त अर्धवाहक (सेमीकंडक्टर) संवेदक फसू शकतात. संवेदक वापराने मंदावतो, म्हणून ठरावीक मुदतीने प्रमाणित वायूवर किंवा द्रावणावर अंशशोधन (कॅलिब्रेशन) करावे लागते. ते प्रमाणपत्र हजर नसेल तर बचाव पक्षाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

रक्ताच्या नमुन्याबाबत महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम काटेकोर आहेत: किमान ५ घनसेंटिमीटर शिरेतले रक्त, त्वचा पुसायला स्पिरिट नाही, गोठणरोधक घातलेली मोहोरबंद बाटली. सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवण्याची रोजची सवय एखादा खटला घालवू शकते. मोहोर आणि नोंदींची साखळी किती महत्त्वाची, हे पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर, मे २०२४ मध्ये, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली तेव्हा सगळ्या राज्याने पाहिले. नुसता वास, डुलती चाल आणि अडखळते बोलणे एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले आहे. वास संशयाला पुरतो, शिक्षेला नाही.

न्याय्य आहे का

रक्त किंवा श्वास देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे, हा आक्षेप टिकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण शारीरिक पुराव्याला लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये ठरवले. खरा अन्याय निवडीत होतो. दुचाकी थांबवणे सोपे. ती बॅरिकेडच्या फटीत आपोआप अडकते आणि चालकाचा वास लगेच येतो. काचा वर असलेली मोठी गाडी हाताच्या इशाऱ्यावर पुढे जाते, किंवा थांबली तर आतून कुणाला तरी फोन लागतो. यावर नियम एकच चालतो: कोणती वाहने थांबवायची हे अधिकाऱ्याने आधी ठरवून लिहून ठेवायचे, उदाहरणार्थ दर पाचवे वाहन, आणि प्रत्येक काच खाली करून घ्यायची. अंगावरचे कॅमेरे पूर्ण वेळ चालू असले तर चालकाचेही रक्षण होते आणि खोट्या आरोपांपासून पोलिसांचेही.

ठाणे वाहतूक पोलिसांनी काही मोहिमांत सहप्रवाशांवरही मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८८ खाली, म्हणजे चिथावणी आणि साहाय्याबद्दल, कारवाई केली आहे. मित्र प्यायलेला आहे हे पाहून त्याच्या हाती किल्ली देणाऱ्या मालकाला हे कलम लागू पडते. मागे नुसता बसलेल्याला लावणे मात्र ताणलेले आहे. त्यात व्यावहारिक तोटाही आहे: प्यायलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीतून घरी जावे, हेच तर आपण सांगत असतो.

परिणाम होतो का

होतो, पण कसे केले त्यावर. राजस्थान पोलिसांसोबत २०१० ते २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग या बाबतीत भारतातला सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी दर वेळी त्याच जागी होती, काही ठिकाणी ती जागा बदलत फिरत होती. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागेच्या नाकाबंदीचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. लोक पर्यायी रस्ता पटकन शिकतात. अमेरिकेतील अभ्यासांच्या आढाव्यातही गाजावाजा करून केलेल्या नाकाबंदीने मद्यसंबंधित जीवघेणे अपघात सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसते. म्हणजे ‘मोहीम चालू आहे’ हे सगळ्यांना कळावे, ‘कुठे’ हे मात्र कोणालाच नाही. आपल्याकडे बरेचदा उलटे होते: तीन हात नाक्याची नाकाबंदी व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांत फिरते, कारण तिची जागा वर्षानुवर्षे तीच आहे.

किती चालकांवर कारवाई झाली, या आकड्यावरून मोहिमेचे यश मोजणेही फसवे. नाकाबंदी खरोखर काम करत असेल तर तो आकडा पुढे घटायला हवा. मोजायचे ते रात्री १० ते पहाटे ६ दरम्यानचे गंभीर अपघात, रस्त्यानुसार आणि वर्षभर.

आणि वेळेचा प्रश्न राहतोच. ४२.८ टक्के दारूच्या ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर १०० मिलिलिटर रक्तातला आकडा ४५ मिलिग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे एका पेगनेच मर्यादा ओलांडली. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरने तो ९० वर जातो. शरीर तासाला १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने ते उतरवते. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ किंवा कडक कॉफीने हा वेग बदलत नाही. तीन मोठे पेग मध्यरात्री संपवणारा सकाळी सहालाही मर्यादेवर असू शकतो. झोप झालेली असते, त्यामुळे त्याला स्वतःला ते जाणवत नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीकडे पहाटे येणारे टेम्पो, शाळांच्या व्हॅन आणि पहिल्या पाळीच्या कंपनी बस त्याच वेळी रस्त्यावर असतात आणि तोवर बॅरिकेड उचललेले असतात. महिन्यातून दोन-चार नाकाबंद्या पहाटे ५ ते ८ या वेळेत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा कळवा नाक्याला लावायला जादा मनुष्यबळ लागत नाही. रात्रीचीच एखादी पाळी पुढे सरकवावी लागते.