सोळा बाजूंचं खळं

गव्हाची मळणी म्हणजे ओंबीतून दाणा सोडवणं. ओंबी चांगली वाळलेली असली की तिचं तूस ठिसूळ होतं आणि जनावराच्या पायाखाली रगडलं की दाणा सुटतो. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात घोडे फिरत. पण तेही उघड्यावर, मातीत. दाण्यात लीद आणि खडे मिसळायचे, पाऊस आला तर रास भिजायची.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन या आपल्या इस्टेटीवर १७६०च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला होता, त्यामुळे ही नासाडी त्यांना सलत होती. १७९२ मध्ये त्यांनी त्यावर दुमजली कोठाराचा आराखडा काढला. कोठार सोळा बाजूंचं, म्हणजे जवळजवळ गोल. सरळ लाकडांनी बांधता येईल आणि घोड्यांना कोपऱ्यात अडखळावं लागणार नाही, असं. घोडे मातीच्या चढावरून वरच्या मजल्यावर जात आणि पसरलेल्या गव्हावरून दुडक्या चालीनं रिंगण घालत.

खरी खुबी जमिनीत आहे. फळ्यांमध्ये दीड-दीड इंचाच्या फटी ठेवल्या होत्या. दाणा लहान आणि जड, तो फटीतून खाली पडतो. काड लांब, ते फळ्यांवर आडवं राहतं. जमीनच चाळणी झाली! खाली पडलेल्या दाण्यात भूस राहायचंच, ते मग उफणून काढायचं.

कोठार १७९५ मध्ये उभं राहिलं. खालच्या मजल्याला ३०,८२० विटा लागतील, इतका बारीक हिशेब वॉशिंग्टननी केला होता. हा हिशेब कौतुकानं सांगितला जातो. मला मात्र त्याच्या शेजारी इस्टेटीचे साप्ताहिक अहवाल ठेवावेसे वाटतात. कोणत्या शेतावर किती दिवस कोणतं काम झालं, आजारपणात किती दिवस गेले, सगळं त्यांत मांडलेलं असे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आठवड्याचे सहा दिवस काम. करणारी माणसं गुलाम होती. कोठार उभारणारे सुतारही गुलामच, आणि शेतांवर राबणाऱ्यांत बायका जास्त होत्या. नांगरणी, कुंपणं, खत पसरणं, सगळं त्यांच्याकडे. शिधा म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेले मासे.

१७९९ मध्ये इस्टेटीवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ वॉशिंग्टन यांच्या मालकीचे. मृत्युपत्रानुसार त्यांची सुटका पत्नी मार्था यांच्या मृत्यूनंतर व्हायची होती, पण मार्था यांनी त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केलं. १५३ जण मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेले. त्यांना मुक्त करण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. पुढे ते मार्था यांच्या नातवंडांत वाटले गेले.