रास्त मूल्य आणि 'सुव्यवस्थित व्यवहार': एका वादाची पार्श्वभूमी

'रास्त मूल्य' या शब्दातल्या 'रास्त'मुळे बराच घोटाळा होतो. रास्त म्हणजे कुणावर अन्याय न करणारं, असं आपण सहज धरून चालतो. लेखाशास्त्राला मात्र एवढंच विचारायचं असतं की ही मालमत्ता आज विकली तर हातात किती पडेल. बाजार कोलमडलेला असताना हा आकडा कुठून आणायचा, यावरून 2008 च्या संकटात वाद पेटला.

जुना इतिहास थोडक्यात. महामंदीनंतर, 1938 मध्ये अमेरिकेतल्या बँक नियामकांनी चांगल्या प्रतीचे रोखे बाजारभावाने मोजणं थांबवलं आणि पुढची पाच दशकं मूळ किमतीचंच राज्य राहिलं. त्यातली पळवाट 1980 च्या दशकात उघडी पडली. भाव चढलेले रोखे विकून नफा दाखवायचा आणि पडलेले खरेदीच्या किमतीला तसेच ठेवायचे! 1991 च्या नियमाने अमेरिकेत रास्त मूल्य निदान ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये देणं सक्तीचं केलं. 1993 मध्ये रोख्यांचे तीन गट पडले, तेही कंपनीच्या इराद्यावरून. एकच रोखा मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचा म्हटला तर मूळ किमतीच्या आधारावर, विकायचा म्हटला तर रास्त मूल्याला. माझ्या मते पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ या तडजोडीत आहे.

1998 च्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे हिशेब कसे मांडायचे याच्या नियमात, रास्त मूल्याची व्याख्या होती, पण ती खरेदीची किंमत की विक्रीची, हे त्यात स्पष्ट नव्हतं. अमेरिकेच्या 2006 च्या मानकाने ते ठरवून टाकलं. रास्त मूल्य म्हणजे मोजणीच्या दिवशी, बाजारातल्या सहभागींमधल्या सुव्यवस्थित व्यवहारात, मालमत्ता विकून मिळेल ती किंमत. तीन स्तरांची उतरंडही तिथेच आली. पहिल्या स्तरावर तशाच मालमत्तेचा बाजारातला थेट भाव, दुसऱ्यावर बाजारात दिसणारी इतर माहिती, तिसऱ्यावर कंपनीचे स्वतःचे अंदाज. वाद पेटला तो 'सुव्यवस्थित' या शब्दावरून.

समजा, गृहकर्जांच्या आधारावर काढलेला 100 दर्शनी किमतीचा रोखा आहे. व्याज अजून वेळेवर येतंय. महिनाभरात एकच सौदा झाला, 62 ला, आणि विकणारा होता सावकारांनी कोंडीत पकडलेला एक फंड. रोख्यातून पुढे येणाऱ्या रकमा जुन्या व्याजदराने आजच्या किमतीत आणल्या तर 85 येतात. ताळेबंदात काय लिहायचं? व्याख्येप्रमाणे मालमत्ता विक्रीआधी नेहमीइतका काळ बाजारात असली पाहिजे आणि विक्री जबरदस्तीची नसावी. म्हणून 62 बाजूला ठेवता येतील. इथे अनेकांनी उडी मारली ती थेट 85 वर, आणि ती चूक होती. 62 नाकारले म्हणजे 85 सिद्ध होत नाहीत. आज खरोखर पुढे येणारा खरेदीदार धोक्याबद्दल आणि रोखा सहज विकता येत नाही याबद्दल जादा परतावा मागणार. तो दर धरला की आकडा उतरून, समजा, 70 वर येतो. कंपनीला रोखा विकायचाच नाही, या सबबीला इथे जागाच नाही.

2008 च्या शरद ऋतूत ही सबबच धोरण बनली. 13 ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय मानकात दुरुस्ती झाली. काही मालमत्ता रास्त मूल्याच्या गटातून काढून दुसऱ्या गटात हलवायला परवानगी मिळाली. युरोपातून राजकीय दबाव होता आणि नेहमीची जाहीर विचारविनिमयाची प्रक्रिया टाळली गेली. अमेरिकी नियमांत अशी मुभा आधीपासून आहे, हे दिलेलं कारण खोटं नव्हतं. पण 1 नोव्हेंबरपूर्वी केलेला बदल थेट 1 जुलैपासून लागू धरता येत होता. म्हणजे मधल्या महिन्यांत भाव कुठे गेले ते पाहून झाल्यावर, कुठला रोखा जुलैतच हलवला होता असं म्हणायचं ते ऑक्टोबरात ठरवायचं. मोजपट्टीच मागच्या तारखेने बदलण्याचा हा निर्णय मला आजही समर्थनीय वाटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, कायद्याने मागवलेल्या अमेरिकी सरकारी अभ्यासाने सांगितलं की 2008 मधल्या बँका बुडण्यात रास्त मूल्याचा वाटा फारसा दिसत नाही.

एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेत मंदावलेल्या बाजारातल्या सौद्यांना किती वजन द्यायचं याचं मार्गदर्शन आलं. मे 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरही विक्री किमतीचीच व्याख्या आली आणि 2013 पासून लागू झाली. कुठली मालमत्ता कुठल्या गटात मोजायची हे ठरवणारं नवं आंतरराष्ट्रीय मानक 2014 मध्ये पुरं होऊन 2018 पासून अमलात आलं. त्यात रोखप्रवाहाचं स्वरूप (येणारा पैसा फक्त मुद्दल आणि व्याजाचा आहे का) आणि व्यवसायाचं प्रारूप (कंपनी अशा मालमत्ता धरून ठेवते की विकते) या कसोट्या आल्या. इराद्याची जागा प्रारूपाने घेतली खरी, पण मुदतीपर्यंत धरलेले रोखे मूळ किमतीच्या आधारावरच राहिले.

अमेरिकेतही ती सवलत टिकून होती. मार्च 2023 मध्ये तिथली एक मोठी बँक बुडाली. 2022 अखेर तिच्याकडे मुदतपूर्तीपर्यंत ठेवायचे म्हणून सुमारे 91 अब्ज डॉलरचे रोखे नोंदलेले होते आणि त्यांचं रास्त मूल्य होतं सुमारे 76 अब्ज. फरक जवळजवळ तिच्या सगळ्या भांडवलाएवढा. 76 चा तो आकडा कुणी लपवला नव्हता, वार्षिक अहवालात तो छापलेला होता. ताळेबंदाच्या बेरजेत मात्र धरले गेले 91.