डिबगरमधून जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट काढणे

जे प्रोसेसर, बोर्ड किंवा ऑपरेटिंग सिस्टम आता कुणी बनवत नाही आणि टेस्ट करून बघायलाही कुणाकडे उरलेले नाहीत, त्यांच्यासाठी कधीकाळी लिहिलेला कोड डिबगरच्या (चालता प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते बघायच्या साधनाच्या) सोर्समधून कायमचा काढायचा, याला प्रोग्रामर मंडळी नुसतं "सपोर्ट काढणं" म्हणतात. ओपन सोर्समध्ये याचं सगळ्यात मोठं उदाहरण जीडीबी, म्हणजे १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला डिबगर, आणि इतक्या वर्षांत तो इतक्या मशीनवर चालवला गेलाय की काढण्यासारखं त्याच्यात कायम काही ना काही असतंच. म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

टेक्स्ट एडिटरला खाली कुठला प्रोसेसर आहे याचं फारसं देणंघेणं नसतं. डिबगरचं तसं नाही, तो प्रोसेसरच्या पोटात शिरलेला असतो. साधा ब्रेकपॉइंट घ्या, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर जीडीबी प्रोग्रामच्या त्या जागेवरचा १ बाइट बाजूला काढून ठेवतो आणि तिथे आयएनटी ३ नावाची १ बाइटची सूचना घुसवतो, प्रोग्राम तिथे येऊन थांबतो, पण थांबतो तेव्हा पुढची सूचना कुठली ते दाखवणारा प्रोसेसरचा काउंटर १ बाइट पुढे गेलेला असतो, म्हणून तो परत १ ने मागे घ्यावा लागतो, मग मूळ बाइट जागेवर ठेवायचा आणि पुढे चालायचं. एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर सूचनाच वेगळ्या मापाच्या, ४ बाइटच्या किंवा थम या आखूड सूचनांच्या मोडमध्ये २ बाइटच्या, म्हणजे हा सगळा हिशोब तिथे नव्याने. रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागा) किती आणि त्यांची नावं काय, फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना वाचून स्टॅकवरून (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं याच्या मेमरीतल्या नोंदीवरून) मागे कसं जायचं, सिग्नल आला तर स्टॅकवर काय रचून ठेवलेलं असतं, हे सगळं प्रत्येक आर्किटेक्चरचं, म्हणजे प्रोसेसरच्या जातीचं, वेगळं. जीडीबीत त्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र फाइल असते, नावाच्या शेवटी "टीडेप" असलेली, आणि त्याच मशीनवर बसून डिबग करायचं असेल तर "नॅट" असलेली आणखी एक.

आता प्रश्न असा की जुन्या मशीनची फाइल पडून राहिली तर बिघडतं काय, कुणाला चावते का. चावते. जीडीबीच्या मधल्या, सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये काहीही बदललं की या सगळ्या फाइलींना हात लावावा लागतो. २०१६-१७ च्या सुमारास जीडीबी सी भाषेतून सी प्लस प्लसमध्ये नेला, ७.१२ ही सीमध्ये बिल्ड होऊ शकणारी शेवटची रिलीज आणि ८.० पासून सी प्लस प्लस ११ सक्तीचं, तेव्हा ज्या मशीनचं तोंड कुणी पंधरा वर्षांत बघितलं नव्हतं तिच्या फाइलीसुद्धा कुणीतरी बसून दुरुस्त केल्या. दुरुस्त केल्या म्हणजे कंपाइल होईपर्यंत आणल्या, चालतात का हे बघणार कशावर? मला यातली खरी अडचण हीच वाटते. जागा किंवा ओळींची संख्या हा मुद्दा फार छोटा आहे, पण जो कोड कुणी चालवूनच बघू शकत नाही त्याला "सपोर्ट आहे" म्हणणं वापरणाऱ्याची फसवणूक आहे, तो बिचारा त्या भरवशावर आठवडा घालवतो.

जुन्या काळी काढण्याची पद्धत जरा वेगळी होती. २००० मध्ये जीडीबी ५.० आली तेव्हा कॉन्वेक्स, पिरॅमिड, टाहो अशा मशीन, ज्या ऐंशीच्या दशकात मोठ्या रुबाबात होत्या, त्या "ऑब्सोलीट" म्हणून जाहीर झाल्या. त्या वेळचा शिरस्ता असा, की आधी कोड पुसायचा नाही, तो कॉमेंट करून जागेवरच ठेवायचा, आणि हे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ऑब्सोलीट हा शब्द लावून केलेलं असायचं, फाइल उघडली की वरपासून खालपर्यंत तोच शब्द, शेकडो वेळा. सोबत रिलीजच्या माहितीत लिहायचं की कुणी पुढे आलं नाही तर पुढच्या रिलीजला हे कायमचं जाणार. म्हणजे एक अख्खी रिलीज वाट बघायची. इंटेलचा आय९६० वगैरे मंडळी त्यानंतरच्या काही वर्षांत अशीच गेली. २०१३ मध्ये सोर्स सीव्हीएसमधून गिटवर (दोन्ही कोडच्या बदलांचा इतिहास जपणारी साधनं) आला, आता कॉमेंट करून ठेवायची पद्धत राहिलेली नाही, सरळ काढतात, कारण जुनं बघायचं तर इतिहासात असतंच. आगाऊ सांगायची आणि थांबायची रीत मात्र टिकली आहे आणि ती टिकायलाच हवी.

सेल प्रोसेसरचं प्रकरण यात मला सगळ्यात जास्त आवडतं. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून केलेला हा प्रोसेसर, २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये होता, आणि त्याचाच सुधारलेला भाऊ २००८ मध्ये पेटाफ्लॉपची, म्हणजे सेकंदाला दहा कोटी कोटी आकडेमोडींची, रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्या रोडरनर सुपरकॉम्प्युटरमध्ये. त्याची गंमत अशी की एकाच चिपवर दोन जातीचे प्रोसेसर, एक मुख्य पॉवरपीसीचा आणि आठ छोटे एसपीयू, प्रत्येक एसपीयूला स्वतःची फक्त २५६ केबी मेमरी आणि स्वतःची वेगळी सूचनांची भाषा. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एक फ्रेम (स्टॅकवरचा एका फंक्शनचा हिस्सा) या आर्किटेक्चरची तर दुसरी त्या. जीडीबीचा जुना समज होता की एका प्रोग्रामला एकच आर्किटेक्चर, तो समज सेलसाठी मोडावा लागला, प्रत्येक फ्रेमला स्वतःचं आर्किटेक्चर असू शकतं असं केलं गेलं. पुढे रोडरनर २०१३ मध्ये बंद झाला, सेलचं नवं काही येईना, आणि २०२० च्या फेब्रुवारीतल्या ९.१ मध्ये जीडीबीने सेलचा सपोर्ट काढला, त्याच वर्षी ग्नूच्याच जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीतूनही एसपीयू गेलं. पण फ्रेमनिहाय आर्किटेक्चरची ती सोय जीडीबीत राहिली. आणि बायनरी वाचणाऱ्या बिनयुटिल्समध्ये, जे त्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) जीडीबीच्या शेजारी राहतं, एसपीयू तसंच राहिलं, कारण तिथले मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, वेगळे आणि त्यांचा निर्णयही वेगळा.

कधी अख्खा प्रोसेसर जात नाही, त्याची एखादी सोयच जाते. इंटेलची एमपीएक्स ही २०१५ च्या स्कायलेकपासून आलेली सोय, पॉइंटर (प्रोग्राममधला मेमरीचा पत्ता) आपल्या हद्दीबाहेर जातोय का ते हार्डवेअरनेच बघायचं, त्यासाठी १२८ बिटची चार खास रजिस्टरं. कल्पना छान होती पण प्रोग्राम हळू व्हायचे आणि वापरणारे मिळेनात, २०१९ मध्ये जीसीसी ९ ने सोडलं, २०२० मध्ये लिनक्स ५.६ ने, आणि जीडीबीने २०२५ च्या १६ व्या आवृत्तीत. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रोसेसरची वाढीव रजिस्टरं एका सलग तुकड्यात साठवतो, इंटेलच्या मांडणीत एमपीएक्सची जागा ९६० व्या बाइटपासून १०८७ पर्यंत आणि त्यानंतर १०८८ पासून एव्हीएक्स ५१२ या दुसऱ्या सोयीची मास्क रजिस्टरं. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने एमपीएक्स कधी घेतलंच नाही, म्हणून त्यांच्या झेन ४ प्रोसेसरमध्ये तीच मास्क रजिस्टरं ८३२ पासून सुरू होतात. जीडीबी बरीच वर्षं इंटेलचेच आकडे सगळीकडे लावत होता आणि एएमडीच्या मशीनवर चुकीच्या जागेवरून वाचत होता, हे २०२३ मध्ये दुरुस्त झालं. म्हणजे एमपीएक्सचा कोड गेला तरी इंटेलच्या मांडणीतली ती १२८ बाइटची रिकामी जागा डिबगरने ओलांडायचीच आहे.

प्रत्यक्ष काढताना नुसती एक फाइल डिलीट करून भागत नाही. टीडेप आणि नॅट फाइली, बिल्डच्या याद्या, टेस्टसूटमधल्या त्या मशीनसाठी ठेवलेल्या सवलती, मॅन्युअलमधली पानं, मधल्या कोडमध्ये फक्त याच एका मशीनसाठी ठेवलेले हुक (खास वळणं), हे एकेक शोधून काढायचं, आणि हुक काढणं हेच सगळ्यात फायद्याचं काम असतं कारण त्याने बाकी सगळ्यांचा कोड सोपा होतो. बिल्डची तयारी करणाऱ्या कॉन्फिगरच्या फाइलमध्ये मात्र त्या नावाची एक ओळ मुद्दाम ठेवतात, कुणी ते टार्गेट, म्हणजे ते मशीन, मागितलं की स्पष्ट सांगायचं, हे ऑब्सोलीट आहे, सपोर्ट काढलेला आहे. "ओळखत नाही" आणि "काढलंय" यात फार फरक आहे, दुसऱ्या उत्तराने माणसाला निदान जुनी आवृत्ती शोधायला सुचतं.

हे सुचणं किती कामाचं असतं ते आम्ही बडोद्यात बघितलंय. इथे दांडिया बाजारात एका मित्राच्या घरी आम्ही चार-पाच जण रविवारी बसतो, त्यातले दोघे कलाभवनात, म्हणजे १८९० मध्ये सयाजीरावांनी सुरू केलेल्या आणि आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी असलेल्या जागी शिकलेले. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका काकांच्या वर्कशॉपमध्ये एक टेस्टिंग मशीन आहे, आत ब्लॅकफिन या प्रोसेसरचा बोर्ड आणि त्यावर छोटं लिनक्स. फ्लॅश नव्याने भरताना बोर्डवरचा जीडीबीसर्व्हर, म्हणजे बोर्डवर चालून लॅपटॉपवरच्या जीडीबीशी बोलणारा छोटा प्रोग्राम, गेला. नव्या सोर्समधून बनवायला घेतला तर कॉन्फिगरच अडला, कारण २०२० च्या १०.१ मध्ये ब्लॅकफिनसह क्रिस, एम३२आर, टाइलजीएक्स, विंडोज सीई अशा बऱ्याच जणांचा जीडीबीसर्व्हरचा सपोर्ट एकदम काढला गेला, लिनक्स कर्नलने तर २०१८ च्या ४.१७ मध्येच ब्लॅकफिन धरून आठ आर्किटेक्चर सोडली होती. काका म्हणाले, अरे पण मशीन तर उत्तम चालतंय, मग जुनं कसलं? त्यांचं अगदी खरं होतं, आणि मेंटेनरचंही खरं होतं, त्यांच्याकडे तो बोर्डच नाही.

मग आम्ही जीडीबी ९.२ चं टारबॉल (सोर्सचं गाठोडं) आणलं, त्यात ब्लॅकफिन आहे, पण काकांच्या जुन्या डेस्कटॉपवरचा त्या बोर्डाचा कंपायलर इतका जुना की त्याला सी प्लस प्लस ११ माहीतच नाही, पहिल्याच फाइलला एररचा पाऊस. शेवटी ७.१२ वर गेलो, कॉन्फिगरला सी प्लस प्लस नको असं सांगितलं, आणि सीमध्ये जीडीबीसर्व्हर तयार झाला. तोपर्यंत दुपारचे तीन वाजले होते, सेव उसळ थंड झाली होती. लॅपटॉपवर मात्र नवाच जीडीबी ठेवला, कारण काढला होता तो बोर्डवर चालणारा सर्व्हर, ब्लॅकफिनच्या सूचना आणि रजिस्टरं समजणारी टीडेप फाइल नव्या जीडीबीत आहे, आणि दोघं ज्या रिमोट प्रोटोकॉलने बोलतात तो जुन्यांशी जुळवून घेतो, समोरच्याला काय येतं ते आधी विचारतो आणि तेवढ्यावर भागवतो. म्हणून एखाद्या रिलीजमध्ये अमुक काढलं असं वाचलं की नेमकं काय काढलं, होस्ट (जिथे जीडीबी चालतो ते), नेटिव्ह (त्याच मशीनवरचं डिबगिंग), टार्गेट (ज्याचा प्रोग्राम तपासायचा ते) की सर्व्हर, हे नीट बघावं, अर्धं दुखणं तिथेच कळतं.

काढलेला सपोर्ट परत आणता येतो का, तर तांत्रिकदृष्ट्या येतो, पण जुना कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) उलटा फिरवून होत नाही, मधल्या काळात आतले सगळे इंटरफेस बदललेले असतात, कोड नव्याने बसवावा लागतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्याकडे मशीन आहे आणि जो प्रत्येक रिलीजला टेस्ट चालवेल असा माणूस लागतो. काका तयार झाले नाहीत, त्यांना धंदा आहे. त्यांनी बोर्डच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर मराठीत आणि खाली कारागिरांसाठी गुजरातीत लिहिलंय की सर्व्हर ७.१२ चाच ठेवायचा, पेनड्राइव्ह कपाटात वरच्या खणात आहे.