ज्यू धर्मविचार आणि एआय

एआयबद्दल ज्यू धर्माचं अधिकृत असं एकच मत नाहीये. पोपसारखं सर्वोच्च पद त्यांच्यात नाही, नवा प्रश्न आला की रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जुने ग्रंथ उघडतात, वाद घालतात आणि ज्याचं पटलं नाही त्याचं मतही जपून ठेवतात. २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या एआय नीतीविषयक जाहीरनाम्यावर ज्यू आणि मुस्लिम धर्मनेत्यांनीही सह्या केल्या, पण त्यातली वाक्यं तशी सर्वमान्यच आहेत, खरा विचार तालमूदच्या, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाच्या, वादांमधेच सापडतो.

सगळ्यात फेमस म्हणजे गोलेम, मंत्रसामर्थ्याने बनवलेला मातीचा माणूस. प्रागच्या रब्बी लोव (मृत्यू १६०९) यांची दंतकथा सगळे सांगतात, पण मूळ गोष्ट तालमूदच्या सन्हेद्रिन ग्रंथात आहे. रावा नावाच्या रब्बींनी एक माणूस बनवून रब्बी झेरांकडे पाठवला, झेरा त्याच्याशी बोलले पण तो उत्तरच देईना, मग ते म्हणाले तू आमच्याच मंडळींनी बनवलेला दिसतोस, जा परत माती हो. पुढे हाखाम त्झ्वी (मृत्यू १७१८) या रब्बींनी प्रश्न घेतला की असा गोलेम मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या १० जणांत धरता येईल का? त्यांच्या पूर्वजांपैकी एकाने गोलेम बनवल्याची आख्यायिका घरातलीच होती, त्यामुळे प्रश्न अगदी गंभीरपणे आलाय. त्यांचं उत्तर होतं, धरता येणार नाही. त्याचा तसा उपयोग असता तर झेरांनी त्याला नष्ट केलंच नसतं, आणि तो आईच्या पोटी वाढलेला नसल्यामुळे नष्ट करणं हा खूनही नाही. कोकणातल्या बेने इस्रायल सिनेगॉगमध्ये बरेच लोक इस्रायलला गेल्यामुळे १० माणसं जमवणं अवघड होऊन बसलंय, तिथे हा नियम किती जड जात असेल ते कळतं.

आता चॅटबॉट तर घडाघडा बोलतात, म्हणजे झेरांची परीक्षा पास झाले असं कोणी म्हणेल, पण हाखाम त्झ्वींचा खुनाबद्दलचा मुद्दा बोलण्यावर नाही तर जन्मावर उभाय, आणि म्हणून तो आजही टिकतो. १९६५ मध्ये तर इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या नव्या कंप्युटरचं नाव ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेरशोम शोलेम यांच्या सुचवण्यावरून गोलेम आलेफ ठेवलं गेलं.

तरी माझ्या मते जास्त कामाचं आहे ते बैलाचं कलम. बायबलमधल्या निर्गम २१ आणि तालमूदच्या बाबा काम्मा ग्रंथानुसार साध्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला शिंग मारलं तर मालक अर्धी भरपाई देतो, पण तीनदा मारल्याची ताकीद मिळाली असेल तर पुढच्या वेळी पूर्ण. बैल स्वतःच्या मर्जीने वागला म्हणून मालक सुटत नाही, फक्त त्याला धोका किती माहीत होता हे बघतात. "मॉडेलनेच केलं, आम्ही काय करणार" म्हणणाऱ्या कंपनीला यापेक्षा सरळ उत्तर मला तरी दिसत नाही. आगीबद्दलही वाद आहे, रब्बी योहानान म्हणतात लावलेली आग म्हणजे मी सोडलेला बाणच, आणि रेश लाकिश म्हणतात ती माझी मालमत्ता, दोघांच्याही मते जबाबदार मात्र लावणाराच.

याला जोडून आणखी एक नियम येतो. एरवी दुसऱ्याला पाप करायला पाठवलं तर दोष करणाऱ्यावर जातो कारण त्याला स्वतःची अक्कल आहे, देवाची आज्ञा मोडायची का माणसाची ते त्याने ठरवायचं. पण तालमूदच्या बाबा मेत्झिया ग्रंथात राविना नावाचे रब्बी म्हणतात की करणारा आज्ञांनी बांधलेलाच नसेल तर दोष पाठवणाऱ्याकडे परत येतो, आणि मशीन कुठल्याच आज्ञेने बांधलेलं नाही.

ड्रायव्हरलेस गाडीने अनेकांना वाचवायला एकाच्या अंगावर वळावं का, हा प्रश्न जास्त अडकलेला आहे. एक जीव वाचवायला दुसरा घेता येत नाही, तुझं रक्त जास्त लाल कशावरून असं तालमूद विचारतो. हझोन इश (मृत्यू १९५३) या रब्बींनी अनेकांकडे जाणारा बाण एकाकडे वळवावा का याचा विचार केला, वाचवण्याचं काम म्हणून कदाचित चालेल असं मांडलं, पण ठाम निकाल न देता सोडून दिलं.

धर्मनिर्णय एआयकडून घ्यावा का, यावर मात्र बऱ्याच रब्बींचा कल स्पष्ट आहे. शोधायला मशीन चालतं, बार-इलान विद्यापीठाचा रब्बींच्या जुन्या निर्णयांचा डेटाबेस १९६० च्या दशकापासून वापरात आहे. निकाल मात्र माणसानेच द्यायचा, कारण तालमूदमधल्या अखनाईची भट्टी या नावाच्या वादात रब्बींनी स्वर्गातून आलेली आकाशवाणीसुद्धा मानली नव्हती, तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) आता स्वर्गात नाही असं रब्बी येहोशुआ उभे राहून म्हणाले आणि बहुमताने ठरलं तेच चाललं.