सतराव्या वर्षी कॅन्सर झाला तर वॉर्ड कोणता?

सतरा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला, तर त्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायचं की मोठ्यांच्या? पुष्कळदा हे ठरतं ते पहिली चिठ्ठी कोणाच्या नावाने लिहिली गेली त्यावर.

या योगायोगाची किंमत अमेरिकेत मोजली गेली. ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ ते २० वर्षांच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा बालरोग पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ६७ टक्के सात वर्षांनंतर हयात होते. प्रौढांच्या पद्धतीत ४६ टक्के. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. फ्रान्समधून असाच निष्कर्ष २००३मध्येच आला होता.

औषधं बरीचशी तीच, मात्रा आणि वेळापत्रक वेगळं. मुलांच्या पद्धतीत ॲस्पॅराजिनेज, व्हिन्क्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं आणि स्टेरॉइड जास्त देतात; मेंदूत आजार लपू नये म्हणून पाठीच्या कण्यातून औषधही लवकर सुरू करतात. म्हणून सगळ्यांना बालवॉर्डात भरती करा, असं मात्र नाही. याच वयात स्टेरॉइडमुळे खुब्याचं हाड मृत होण्याचा धोका लहानग्यांपेक्षा जास्त असतो. शिवाय कार्टून रंगवलेल्या भिंतींमध्ये मिसरूड फुटलेल्या मुलाने महिनोन्‌महिने काढायचे कसे?

ब्रिटनने यावर तिसरा वॉर्ड काढला. टीनएज कॅन्सर ट्रस्ट या संस्थेने १९९०मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात पहिला सुरू केला. आज तिचं काम १३ ते २४ वयाच्या रुग्णांसाठी चालतं. समवयस्क सोबती, मित्रांना येण्याची मोकळीक, या वयाच्या मुलांशी बोलायला सरावलेल्या नर्स. हे चोचले वाटतील, पण या ल्युकेमियात घरी गेल्यावरही वर्ष-दोन वर्षं रोज गोळ्या घ्याव्या लागतात. शंभरातल्या पाचाहून जास्त चुकल्या तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि गोळ्या चुकवण्यात किशोरवयीन मुलं पुढे असतात. ‘औषध घेतलंस का?’ हे आईने विचारणं आणि त्याच आजारातून गेलेल्या विशीतल्या कोणी विचारणं, यात फरक पडतोच.

या वॉर्डांत आणखी एक विषय पहिल्याच दिवसांत काढतात, जो आपल्याकडे पालकांसमोर काढायला डॉक्टरही संकोचतात: पुढे मूल हवं असेल तर काय? काही केमोथेरपीने प्रजननक्षमता कायमची जाऊ शकते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य केमोआधी एक-दोन दिवसांत गोठवून ठेवता येतं. मुलीची बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ॲक्युट ल्युकेमिया सहसा तेवढा थांबत नाही.