गुळाचा चहा शुगरला चालतो?

‘गुळाचाय, घ्या की अजून अर्धा कप. शुगरला चालतो!’ सांगलीत हा आग्रह ठरलेला. मार्केट यार्डात ढेपांच्या थप्प्या लागणाऱ्या गावात गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. पण गूळही उसाच्याच रसाचा. साखरेत सुक्रोज, म्हणजे गोडी देणारा मुख्य घटक, जवळपास १०० टक्के, गुळात साधारण ६५ ते ८५. शिवाय थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, म्हणजे तीही साखरच. लोह असतं, मान्य. पण चमचाभर गुळातून मिळणार किती? रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

खरी गोम आग्रहात आहे. एकटा माणूस एक कप पितो, चौघांत बसला की ‘गुळाचाच तर आहे’ म्हणत तीन होतात. मी हल्ली दारातूनच सांगते, ‘काकू, बिनगोडाचा, आलं ठेचून.’ आधी काकू रुसल्या. परवा त्यांनी स्वतःलाही तसलाच टाकला.